ढावलोची कॅसेट

जवळा बाजारच्या आसपासच्या दहा-पंधरा गावांत लगीन असो, बारसं असो की सप्ता, भोंगा माझाच लागायचा. दुसरा एक भोंगेवाला होता, पण त्याचा आवाज फाटायचा. माझा फाटत नव्हता. आज सत्तरी ओलांडली तरी हे सांगतो, कारण खरं आहे. शाळा मी तिसरीत सोडली. अक्षर जुळवून वाचता येतं, सही येते, आणि हे लिहून राहिलो ते नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर. पण वायर, बॅटरी आणि आवाज या तीन गोष्टींत मला कुणी शिकवावं अशी वेळ मी कधी येऊ दिली नाही. येऊ दिली असती तर बरं झालं असतं. तेच सांगायला बसलो आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला मी दोन खणांचा टेपरेकॉर्डर आणला. तवा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आमी परभणीतच होतो. भोंगा लावायला जाईन तिथलं मी कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायला लागलो. कीर्तन, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या, धनगरांचं गाणं. कुणी सांगितलं नव्हतं. आवाज हवेत जातो आणि संपतो, याची मला चीड यायची. कॅसेटवर चिठ्ठी चिकटवून गावाचं नाव लिहायचो, वेलांटी चुकायची, पण मला कळायचं.

सिद्धेश्वरच्या धरणाकडे जाताना बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या लग्नात मी पहिल्यांदा ढावलो ऐकला. ढावलो म्हणजे नवरीनं सासरी जाताना रडत म्हणायचं गाणं. नुसतं रडणं नव्हे. आई, बाप, काकू, मैतरीण, ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्यासाठी वेगळे बोल. ते पोरीला येत नसतात. लगीन ठरलं की तांड्यातली जाणती बाई तिला जवळ बसवून शिकवते. त्या तांड्यातली जाणती बाई म्हणजे याडी. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणून मी पण.

तिचा आवाज गोड नव्हता. जाडाभरडा होता, आणि मधेच चिरायचा. पण ती म्हणायला लागली की मांडवातले वाढपी पत्रावळी हातात धरून उभे राहायचे. पुढच्या उन्हाळ्यात त्याच तांड्यावर लगीन निघालं, तवा मी आधीच तिच्या झोपडीवर गेलो.

"याडी, तुझा ढावलो भरून घेतो."

"भरून घेतो म्हंजी? काय पोत्यात?"

बाया हसल्या. मी टेपरेकॉर्डर दाखवला, तिचंच बोलणं भरून तिला ऐकवलं. ती कानाला लावून बसली. मग म्हणाली, "ही कोन म्हातारी?" परत हसू. मग एकदम हसू थांबवून म्हणाली, "घे. पन बाजारात वाजवू नको, भिया. हे रडणं हाय, तमाशा न्हाई. तांड्याच्या पोरींला लागलं तर दे."

भिया म्हणजे भाऊ. मी व्हय म्हणालो. भर दुपारी, लिंबाच्या झाडाखाली, दोन्ही बाजू भरेस्तोवर ती नवरीच्या पाठीशी उभी राहून म्हणत होती आणि पोरगी तिच्या मागून. तसलं साफ रेकॉर्डिंग मी नंतर कधी केलं नाही. वारा पण पडला होता.

आता माझी चूक. पहिली.

वर्ष-दीड वर्षानं मोठ्या शहरातला एक कॅसेटवाला फिरत आला. जवळ्याच्या बाजारात माझी टपरी होती, तिथं चहा पीत बसला. त्याला गावाकडची गाणी पाहिजे होती. मी त्याला कीर्तन ऐकवलं, गोंधळ ऐकवला. तो मान हलवून राहिला. मग मला ऱ्हावलं नाही. याडीची कॅसेट घातली. त्यानं कप खाली ठेवला.

"कुणी रेकॉर्ड केलंय हे?"

"मी. दुसरं कोण करणार?"

"स्टुडिओत होत नाही असं. कव्हरवर तुमचं नाव छापतो, बघा."

नाव छापतो म्हणाला आणि मी विरघळलो. माझं नाव तोवर फक्त रेशनकार्डावर आणि भोंग्यावर होतं, भोंग्यावर पण मीच रंगवलेलं. मी त्याला कॅसेटची नक्कल करून दिली. याडीला विचारलं नाही. मनाशी म्हणालो, कॅसेट काय बाजारात भोंग्यावर वाजवणं नाही. लोक घरात ऐकतील.

कॅसेट आली. कव्हरवर चोळीतल्या कुण्या पोरीचा फोटो, जिनं जन्मात तांडा पाहिला नसेल. माझं नाव नाही. याडीचं नाही, तांड्याचं नाही. आत ढावलोची पहिली दोनच कडवी ठेवलेली, आणि त्यांच्या खाली ढोलकी आणि बेंजो. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काही होतं. मी एकेक अक्षर जुळवून वाचलं. या कॅसेटची नक्कल करणे कायद्याने गुन्हा आहे. माझ्याच मालावर मलाच दम.

पुढच्याच बाजारात माझ्या टपरीच्या समोरचा भेळवाला ती कॅसेट लावून बसला. पोरं त्या गाण्यावर कंबर हलवत होती. याडी बाजाराला आली होती, डोक्यावर मिरच्यांची पाटी. ती भेळवाल्याकडे गेली नाही. सरळ माझ्याकडे आली.

"माझं रडणं नाचवलंस व्हय रे?"

"मी न्हाई नाचवलं. मला काय ठाऊक तो असं करंल?"

"तुला न्हाई ठाऊक, तर दिलंस काहून?"

मी माफी मागायला पाहिजे होती. मी वायर गुंडाळत बसलो. ती डोक्यावरची पाटी सावरून गेली. तांड्यावरची लग्नं वर्षभर दुसऱ्या भोंगेवाल्याला गेली, ज्याचा आवाज फाटायचा.

त्या दिवसापासून मी पेटीला कुलूप घातलं. माझ्याकडे एक जाड पत्र्याची पेटी होती. भोंग्याच्या मागं जे जड गोल युनिट असतं, ज्याच्यातून आवाज निघतो, ती सुटी युनिटं मी त्या पेटीत ठेवायचो, कारण चोर भोंगा नेत नाही, युनिट नेतो. घरातली सगळ्यांत भक्कम जागा तीच. सगळ्या कॅसेटा त्या पेटीत गेल्या. बाकीच्या वरच्या वर रचल्या. याडीची मात्र फडक्यात बांधून पार तळाशी, दोन युनिटांच्या मधे नीट बसवली. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. कुलपाची चावी करगोट्याला बांधली. बायको म्हणाली, "माझी सवत आणली म्हणा की घरात. कुलूप-चावी, फडकं-बिडकं."

मी म्हणालो, "आता मेल्याबिगर कुणाला देत न्हाई."

अशी आठ-दहा वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला. कॅसेटा बंद पडून सीड्या आल्या. भोंगा पण लोकांना जुना वाटायला लागला. मग एक दिवस हिंगोलीच्या कॉलेजातल्या एक बाई माझं घर विचारत आल्या. त्या जुने आवाज, जुनी छापील पुस्तकं, जत्रेतली चोपडी, लग्नपत्रिका असलं सगळं गोळा करून कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवायच्या. आवाज उतरवला की मग तो झिजत नाही, म्हणाल्या. कुणीतरी त्यांना माझ्या पेटीचं सांगितलं होतं.

बाई चांगल्या होत्या. ओसरीवर खाली बसल्या, पाणी प्याल्या. कोपऱ्यात दुरुस्तीला आलेली दोन युनिटं पडली होती, तिकडे बोट करून म्हणाल्या, "काका, कॅसेट अशांच्या जवळ ठेवत नाही ना? यात लोहचुंबक असतं. टेपवरचा आवाज पुसला जातो."

मला ते लागलं. तीस वर्षं भोंगे वाजवले मी. युनिट उघडून परत जोडतो मी. आणि कालची पोरगी मला युनिट शिकवून राहिली.

"बाई, तुमी पुस्तकं शिकवा," मी म्हणालो. "आवाजाचं मला कळतं."

त्यांनी पिशवी उचलली. त्या गेल्यावर मी पेटी उघडायला पाहिजे होती. उठलो पण होतो. मग वाटलं, त्यांच्या सांगण्यावरून उघडली तर ते खरं ठरलं. परत बसलो. त्या दिवशी काढली असती तर काही उरलं असतं का, की तवापर्यंत गेलंच होतं, हे आता कुणी सांगू शकत नाही. पण मी उठलो होतो आणि परत बसलो, हे मला रोज आठवतं.

बाई दुसऱ्या खेपेला कागद घेऊन आल्या. संमतिपत्र. गाणाऱ्याची सही, भरून घेणाऱ्याची सही, मगच त्या आवाज उतरवणार. मी म्हणालो, याडीला मी शब्द दिला आहे, बाहेर जाऊ देणार न्हाई. बाईंनी मान डोलावली, आणि तिसऱ्या खेपेला याडीलाच घेऊन आल्या.

याडी फार उतरली होती. लेकीच्या खांद्याला धरून पायऱ्या चढली. भेळवाल्याच्या दिवसानंतर आमी नीट बोललो नव्हतो. ती बसली, दम घेतला.

"भिया, माझा गळा गेला," ती म्हणाली. आवाज खरंच नव्हता, नुसती हवा. "दात गेले. पोरी इचारतात याडी पुढं काय, मी सांगते तर त्यांला कळत न्हाई. तुझ्याजवळ हाय ना माझा गळा? दे. ही बाई चांगली हाय. पोरी ऐकून शिकतील."

तिची लेक म्हणाली, "आमच्यापाशी ती ढोलकीवाली कॅसेट हाय काका. पन तिच्यात दोनच कडवी. बाकीचं याडीच्या तोंडून ऐकलेलं अर्धमुर्धं."

म्हणजे आता शब्दाची अडचण राहिली नव्हती. जिला शब्द दिला तीच मोकळं करून राहिली होती. मी पेटी उघडायची तेवढी राहिली. पण मी कागद हातात घेतला.

"ह्याच्यात मालक म्हणून कोणाचं नाव?"

"मालक असा रकाना नाही, काका," बाई म्हणाल्या. "गाणाऱ्या ह्या. ध्वनिमुद्रण करणारे तुम्ही. दोघांची नावं येतील."

"म्हंजी मी मजूर."

"मजूर कसे? तुम्ही नसता तर हे राहिलंच नसतं."

"मग मालक लिवा."

"गाणं तुमचं नाही ना. खरं तर ह्यांचं एकटीचंही नाही. ह्यांना ह्यांच्या आईनं शिकवलं, तिला तिच्या."

"हे बराबर हाय. कुणाचंच न्हाई म्हणा, मंग कुणी बी न्या. तो कॅसेटवाला बी असाच गोड बोलला होता. नाव छापतो म्हणला होता."

"मी छापीन काका. पण मालक खोटं होईल."

याडी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. मग मला म्हणाली, "कागद तुझा, गळा माझा. कशाला भांडतोस रे? नाचवलं तर नाचवू दे आता. पन राहू दे."

आतून बायको म्हणाली, "द्या की. लग्नातल्या जावयावानी रुसून बसले."

सगळ्या बायांसमोर बायकोनं असं म्हणावं! मी कागद घडी करून बाईंच्या हातात दिला. "बराबर लिवून आणा, मंग या." याडी लेकीच्या खांद्याला धरून खाली उतरली. शेवटच्या पायरीवर थांबली, मला वाटलं वळून काही बोलेल. ती नुसती दम घेत होती.

बाईंनी नाद सोडला असं नाही. दोनदा निरोप पाठवला. मी म्हणालो, बराबर लिवलं का? निरोप्या म्हणाला, ते मला ठाऊक न्हाई. मी म्हणालो, मंग मला पण ठाऊक न्हाई. असं करत दोन वर्षं गेली. दोन वर्षं मी एका रकान्यासाठी अडून बसलो. मला वाटायचं, मी अडलो म्हणजे त्यांचं अडलं. अडलं होतं याडीचं.

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत बाजारात तांड्यावरचा एक जण भेटला. मी विचारलं, याडी कशी हाय? तो म्हणाला, "गेली की. आज पाचवा दिस. तुमाला कोनी सांगितलं न्हाई?"

कुणी का सांगावं?

दुसऱ्या दिवशी मी पेटी एसटीत घातली. कंडक्टर म्हणाला, बाबा, एवढं काय लोखंड? मी म्हणालो, आवाज. तो हसला. हिंगोलीला बाईंच्या खोलीत पेटी ठेवली, करगोट्याची चावी काढली. म्हणालो, "बाई, कुठं सही करायची तिथं करतो. कायबी लिवा."

त्या काही टाकून बोलल्या नाहीत. पेटीत वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. युनिटं दिसली होती त्यांना. फडकं सोडलं, कॅसेट साफ केली, मशीनमध्ये घातली, माझ्या कानाला हेडफोन लावला.

सूं. नुसतं सूं. मी म्हणालो, पुढं घ्या. पुढं घेतलं. सूं. कुठंकुठं त्या सूंच्या खाली काहीतरी हलत होतं, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसं. बाईंनी आवाज वाढवला तर सूं पण वाढलं. दुसरी बाजू घातली. तीच गत. मी हेडफोन काढला नाही. त्यांनीच शेवटी माझ्या कानावरून काढला.

"युनिटामुळं?" मी विचारलं.

"हो, काका."

वरच्या थरातल्या कॅसेटा वाचल्या होत्या. चुंबकापासून जितकी लांब तितकी चांगली. म्हणजे ज्या मी कशातरी टाकल्या होत्या त्या राहिल्या, आणि जी जपली ती गेली. राहिलेल्या बाईंनी उतरवल्या. त्यातल्याही सगळ्याच कॅसेटा लोकांना ऐकवता येत नाहीत, हे मला तिथं कळलं. एका कीर्तनकाराच्या पोरानं लिहून कळवलं, आमच्या वडिलांचा आवाज कुठं लावायचा नाही. काही भजनं सिनेमाच्या चालीवर होती, चाल सिनेमावाल्याची. बाई म्हणाल्या, जपून ठेवता येतं, पण बाहेर द्यायला ज्याची त्याची परवानगी लागते. मी म्हणालो, बराबर हाय. आधी असं कुणी विचारलं असतं तर याडी माझ्याशी बोलायची थांबली नसती. हे मी त्यांना नाही बोललो, मनात बोललो.

मग मला सुचलं. म्हणालो, याडीच्या लेकीपाशी ढोलकीवाली कॅसेट हाय, तीच उतरवा. ढोलकी तर ढोलकी. खाली आवाज तिचाच. लेकीनं ती आणून दिली. बाईंनी कव्हरवरच्या पत्त्यावर पत्र टाकलं. पत्र परत आलं. कंपनी कधीच बंद पडली होती. मालक कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. हक्क मात्र त्याच्याच नावावर. ज्याला देता येतं तो सापडत नाही, आणि जे सापडलेत त्यांना देता येत नाही. बाईंनी ती दोन कडवी उतरवून कपाटात ठेवली आणि कॅसेट लेकीला परत दिली. कागदावर मी सही केली, की हा आवाज अमक्या तांड्याच्या अमक्या बाईचा आहे, मी समोर होतो. माझ्या नावापुढं काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात याडीच्या लेकीच्या पोरीचं लगीन निघालं. भोंग्यासाठी त्यांनी मला बोलावलं. डीजे ठरला होता, तरी बोलावलं. मी विचारलं, मला काहून? लेक म्हणाली, "या काका. याडीची पोरगी हाय मी, राग धरत न्हाई मी."

लग्नाच्या आधी दोन दिवस बाया नवरीला ढावलो शिकवायला बसल्या होत्या. सकाळचं ऊन झोपडीच्या दारात होतं. मी बाहेर वायर ताणून राहिलो होतो. आत ती ढोलकीवाली कॅसेट लावली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, कॅसेट थांबली. नवरी दोन्ही झरझर म्हणून मोकळी झाली. मग बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आईच्या गळ्यात पडायचं झालं, बापाच्या झालं. भावाच्या गळ्यात पडल्यावर काय? एक म्हणाली असं, दुसरी म्हणाली ते तर मावशीचं. भांडण लागलं.

लेक दारात आली.

"काका, तुमी तर समोर होता. सगळं ऐकलं असंल. भावाच्या गळ्यात पडून काय म्हणत होती याडी? आमच्या बोलीत न्हाई सांगता आलं तर मराठीत सांगा. थोडं जरी सांगितलं तर आमी जुळवू."

मी वायर खाली ठेवली. आठवायला लागलो. लिंबाचं झाड आठवलं, पडलेला वारा आठवला. याडी नवरीच्या पाठीशी उभी होती ते आठवलं. आणि आठवलं की मी तिच्याकडे बघतच नव्हतो. टेपरेकॉर्डरवर एक काटा असतो, आवाज वाढला की तांबड्यात जातो. तो तांबड्यात जाऊ नये म्हणून मी सगळा वेळ त्या काट्याकडे बघून राहिलो होतो. आवाज एकदाही फाटू दिला नाही. बोल एक पण ऐकला नाही. कॅसेटवर आहेच की, नंतर ऐकू.

"मला न्हाई येत," मी म्हणालो.

"एक ओळ बी?"

"न्हाई."

ती आत गेली. आतून एका म्हाताऱ्या बाईनं स्वतःच्या मनानं काहीतरी जुळवून म्हटलं. नवरीनं तिच्या मागून म्हटलं. लेक म्हणाली, "असं नव्हतं." म्हातारीनं विचारलं, मग कसं होतं? तवर नवरीनं तेच परत म्हणायला घेतलं.